एकशे त्र्याऐंशीवी नौका

मांडवीच्या जेटीवर भरतीच्या वेळेला गेलात तर गरवणारे पाच-दहाजण हमखास दिसतील. हातात काठी असेलच असं नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगुसाचा दोरा गुंडाळलेला, टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वर वीतभर अंतरावर गरी, आणि शेजारी कागदात कोळंबीचे तुकडे. नशीब बरं असेल तर तांबोशी लागते, नाहीतर शेंगटी. शेंगटीचा काटा बोटात गेला की दोन दिवस गरवणं बंद.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा भाचा अमेरिकेहून आला होता. त्यानं येताना घडीची फिशिंग रॉड आणली होती. जेटीवर पोचल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मामा, इथे लायसन्स कुठे काढायचं?" शेजारी बसलेल्या काकांनी दोऱ्यावरचं बोट न हलवता विचारलं, "गरीक कसला लायसन?" सगळे हसले. भाचा मात्र गंभीर होता. तिकडे हौसेनं मासे धरायलाही परवाना लागतो, तो त्यानं फोनमध्ये ठेवला होता आणि तो काढताना आपला सोशल सिक्युरिटी नंबरही दिला होता.

मासे धरायला एवढी माहिती कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्याला ते सांगता आलं नाही. मी नंतर शोधलं. कारण ऐकून काकांनीही दोरा सोडला असता. १९९० च्या दशकात अमेरिकेत मुलांच्या पोषणाचा खर्च बुडवणाऱ्या पालकांना शोधण्यासाठी कायदा झाला. व्यवसायाचा परवाना, गाडीचा परवाना, लग्नाचा परवाना आणि शिकार-मासेमारीसारखे हौसेचे परवाने देताना अर्जदाराचा हा क्रमांक नोंदवून घ्यावा, असं त्यात राज्यांना सांगितलं गेलं. म्हणजे माणूस गळ टाकायला तळ्यावर जाणार, आणि त्याच्या परवान्याची नोंद त्याच्या थकलेल्या पोटगीपर्यंत पोचणार. नोंद एका कामासाठी घेतली जाते आणि दुसऱ्याच कामाला येते. नोंदीचा हा स्वभावच आहे.

म्हणून प्रश्न उरतो: परवान्यांची नोंदवही सरकारनं उघडी ठेवावी की झाकून? उघडी ठेवली तर परवानाधारकाच्या खासगीपणाचं काय, आणि झाकली तर सरकार कुणाला काय देतंय हे लोकांना कसं कळायचं? हा प्रश्न अमेरिकेतल्या तळ्याकाठी जितका खरा आहे, त्याहून रत्नागिरीत जास्त टोकदार आहे. फक्त तो मांडवीच्या जेटीवर नाही. तो तिथून हाकेच्या अंतरावर, मिरकरवाडा बंदरात आहे.

परवाना माणसाला नाही, नौकेला

काकांचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडे समुद्रातल्या मासेमारीचं नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्यानं होतं, आणि त्यातला परवाना मासेमारी नौकेला दिला जातो. जेटीवर दोरा सोडून बसलेला माणूस त्या चौकटीत येत नाही. गोड्या पाण्याची तऱ्हा वेगळी. तलाव आणि धरणं बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात, त्यामुळे हौशी माणसाला तिथे संबंधितांची परवानगी लागते. हिमाचल किंवा काश्मीरमध्ये ट्राउटसाठी रोजचा परवाना काढावा लागतो. कोकणच्या किनाऱ्यावर गरवणं अजून मोकळं आहे.

नौकेचं तसं नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी मासेमारीपुरतं राज्याच्या अखत्यारीत येतं. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा अंमल. या पाण्याचा सातबारा कुणाच्याही नावावर नाही. मासा जाळ्यात येईपर्यंत सगळ्यांचा असतो, आणि आला की धरणाऱ्याचा होतो. सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूतून कुणी, कुठे, कसल्या जाळ्यानं आणि किती दिवस घ्यायचं हे ठरवणारा कागद म्हणजे परवाना. तो सरकारनं दिलेला असला तरी सरकारच्या खिशातून दिलेला नाही. समाईक ताटातला वाटा आहे तो.

वाटा किती मोठा असू शकतो हे पाहायचं तर पर्ससीन जाळं डोळ्यांसमोर आणावं. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा पाण्यावर दिसला की नौका त्याच्याभोवती गोल फिरत जाळ्याची भिंत सोडत जाते. जाळ्याच्या खालच्या काठाला कड्या असतात आणि त्यांतून दोर ओवलेला असतो. गोल पुरा झाला की बटव्याची नाडी ओढावी तसा हा दोर ओढतात. तळ बंद होतो आणि आतला थवा अख्खा वर येतो. रापण ओढणाऱ्यांना किंवा छोट्या होडीतून जाळी मारणाऱ्यांना मग त्या दिवशी त्या पाण्यात उरतं काय, हा कोकणातला जुना तंटा आहे. त्याच्यावरून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मोर्चे निघाले, समुद्रात नौका अडवल्या गेल्या, आणि दोन्ही बाजूंची पोटं त्यात गुंतलेली आहेत. पर्ससीनवाल्यांनीही कर्ज काढूनच नौका बांधलेल्या आहेत.

या तंट्यावर सरकारनं डॉ. सोमवंशी समिती नेमली आणि तिच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. पर्ससीनचे नवे परवाने बंद, आणि असलेले ४९४ परवाने टप्प्याटप्प्यानं आधी २६२ वर आणि शेवटी १८२ वर आणायचे, असं त्यात ठरलं. हंगामही सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित केला. पुढे २०२१ मध्ये मूळ कायद्यातही दुरुस्ती झाली. दंड लाखांच्या घरात गेले, आणि निकाल देण्याचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आले.

आता १८२ या आकड्याकडे नीट पाहू. आकडा जाहीर आहे, आदेशात छापलेला आहे, त्याचं स्वागतही झालं आणि त्याला विरोधही झाला. पण बंदरात उभ्या असलेल्या नौकांपैकी या आकड्यात बसणाऱ्या कोणत्या, हे यादी समोर नसेल तर कुणी सांगू शकत नाही. मर्यादा घालायची आणि मोजायला यादी द्यायची नाही, म्हणजे एकशे त्र्याऐंशीवी नौका कायमची अदृश्य. ती कदाचित नसेलही. पण नाही हे सिद्ध करायलाही यादीच लागते, आणि त्यात सगळ्यात मोठा फायदा नियमानं चालणाऱ्या परवानाधारकाचाच आहे.

नोंदवहीत असतं काय

खासगीपणाबद्दल बोलताना आपण 'नोंद' हा शब्द सरसकट वापरतो. प्रत्यक्षात एका नौकेच्या फाईलमध्ये अनेक थरांची माहिती असते.

पहिला थर नौकेचा: क्रमांक, लांबी, इंजिनाची ताकद, जाळ्याचा प्रकार, परवान्याची मुदत, बंदर. दुसरा थर व्यवहाराचा: मालक कोण, परवाना कधी आणि कुठल्या अटींवर दिला, नूतनीकरण झालं का, दंड झाला का, डिझेलवरच्या कराचा परतावा किती मिळाला. तिसरा थर माणसाचा: घरचा पत्ता, मोबाईल, आधार, बँक खातं, फोटो, बोटांचे ठसे.

हा तिसरा थर पूर्वी एवढा जाड नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी 'कुबेर' ही गुजरातची मासेमारी नौका पळवून मुंबईजवळ आले आणि त्यानंतर किनाऱ्यावरचं सगळं बदललं. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, राज्याराज्यांच्या नौकांना वेगवेगळे रंग ठरले, नोंदणी रिअलक्राफ्ट या देशभराच्या ऑनलाईन प्रणालीत गेली. खलाशी कोण, कुठला, कधी चढला, याचीही विचारणा होऊ लागली. मिरकरवाड्यात नेपाळहून येऊन काम करणारे कितीतरी खलाशी आहेत, त्यांचीही कागदपत्रं यात आली. पुढे नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवायला सुरुवात झाली. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर आली. सुरक्षेसाठी हे सगळं समजण्यासारखं आहे. पण त्यातून साठलेली माहिती ही साध्या परवान्याच्या माहितीपेक्षा फार खासगी आहे हेही खरं.

आणि एक चौथा थर आहे, जो किनाऱ्याबाहेरच्या माणसाला सुचत नाही. तांडेलाला विचारा, तुझी कुठली गोष्ट कुणाला सांगणार नाहीस? तो घरचा पत्ता म्हणणार नाही. पत्ता सगळ्या वाडीला ठाऊक असतो. तो म्हणेल, जागा. कुठल्या खडपाजवळ, किती वावात, कुठल्या महिन्यात मासा लागतो, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येतं. पूर्वी किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून खूण धरत, आता ती जीपीएसमध्ये साठवतात. ट्रान्सपाँडरची रोजची वाट उघड झाली तर दुसऱ्या दिवशी त्या जागेवर वीस नौका उभ्या राहतील. हे धंद्याचं गुपित आहे, आणि माहिती अधिकार कायद्यातही व्यापारी गुपितांना वेगळं संरक्षण आहे.

थर असे सुटे केले की वाद निम्मा होतो. पहिले दोन थर समाईक ताटातल्या वाट्याचे. तिसरा आणि चौथा माणसाचे.

तेरावा मुद्दा आणि 'ञ'

माहिती अधिकार कायद्यानं हे ओळखलेलं होतं. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राचा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. त्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ मुद्द्यांची यादी आहे. ही माहिती कुणी अर्ज करायची वाट न बघता प्रत्येक कार्यालयानं आपण होऊन जाहीर करायची. त्यातला बारावा मुद्दा अनुदानाच्या योजना, त्यांच्या रकमा आणि लाभार्थी. तेरावा मुद्दा सवलती, परवाने आणि अधिकारपत्रं कुणाला दिली त्यांचा तपशील. परवाना हा शब्द कायद्यात असा स्वच्छ लिहिलेला आहे. कोर्ट फीचा १० रुपयांचा स्टँप लावून मागायची ही माहितीच नव्हे. कार्यालयाच्या भिंतीवर किंवा संकेतस्थळावर ती आधीच असायला हवी.

तिसऱ्या थराची सोयही कायद्यात आहे. कलम १० म्हणतं, कागदातला देण्यासारखा भाग वेगळा करता येत असेल तर तो द्या, बाकीचा झाका. म्हणजे आधार आणि मोबाईलवर काळी शाई फिरवायची आणि उरलेलं पान दोन रुपयांत द्यायचं. त्रयस्थ माणसानं गुप्त म्हणून दिलेली माहिती द्यायची असेल तर कलम ११ प्रमाणे त्याला पाच दिवसांत नोटीस जाते आणि आपलं म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. नौकामालकाला अंधारात ठेवून कुणी काही देत नाही.

वाद होता तो कलम ८(१)(ञ) चा. सरकारी मराठीत आठव्या कलमाचं हे पोटकलम 'ञ' अक्षरानं ओळखलं जातं. एरवी बाराखडीच्या तक्त्याबाहेर कधी न भेटणारं हे अक्षर माहिती अधिकाराच्या जगात सगळ्यात जास्त उच्चारलं जातं. मूळ तरतुदीनुसार वैयक्तिक माहिती नाकारता येत असे, पण तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्यानं खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल तरच. शिवाय मोठं सार्वजनिक हित असेल तर तीही द्यायची. आणि शेवटी एक सोपी कसोटी होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. नागपूरच्या अधिवेशनात एखाद्या आमदारानं पर्ससीनच्या परवान्यांची यादी मागितली तर मंत्र्यांना ती द्यावी लागेल ना? मग साखरी नाट्याच्या मच्छीमारालाही द्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ४४(३) नं ही सगळी तरतूद बदलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. आता 'ञ' मध्ये वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती एवढाच अपवाद उरला. सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही हे पाहण्याची अट गेली आणि विधिमंडळाची कसोटीही गेली. माजी केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांच्यासह अनेकांनी याला विरोध केला. सरकारचं उत्तर असं की कलम ८(२) अजून शाबूत आहे. त्याप्रमाणे माहिती उघड करण्यातलं सार्वजनिक हित हानीपेक्षा मोठं असेल तर अधिकारी ती देऊ शकतो.

उत्तर खोटं नाही, पण व्यवहारात ओझं फिरलं. आधी अधिकाऱ्याला विचार करावा लागे की ही माहिती खरोखर खासगी आहे का. आता नाव दिसलं की अपवाद लागू, आणि हित मोठं आहे हे अर्जदारानं पटवायचं. बदलीच्या भीतीत काम करणारा जन माहिती अधिकारी यातली कुठली वाट धरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि रत्नागिरीत याचा एक विचित्र परिणाम होतो. इथल्या नौका बहुतेक माणसांच्या नावावर आहेत. बापाच्या, मुलाच्या, कधी बायकोच्या. कंपनी ही व्यक्ती नाही, त्यामुळे तिच्या नावावरच्या नौकेचा परवाना उघड व्हायला अडचण नाही. पण एकाच घरात पाच नौका पाच नावांवर असतील तर त्या पाचही 'वैयक्तिक'.

दुसऱ्या बाजूला हाच डेटा कायदा सरकारला मात्र सवलत देतो. अनुदान, दाखला, परवाना देण्यासाठी नागरिकाची माहिती ठरावीक अटींवर नव्यानं संमती न घेता वापरता येते. म्हणजे खात्याला मालकाचं सगळं दिसतं, आणि मालकाच्या शेजारच्या होडीवाल्याला काहीच दिसत नाही.

दुसऱ्याचा सातबारा

लोकांच्या नावानिशी असलेली नोंद उघडी ठेवली तर आकाश कोसळतं का? कोकणातल्या माणसाला हे विचारण्यात अर्थ नाही. दुसऱ्याचा सातबारा पाहणं हा आमचा जिल्हास्तरीय छंद आहे. कुठल्याही गावाचा कुठलाही गट क्रमांक टाका, ऑनलाईन दिसतो. मालकांची नावं दिसतात, क्षेत्र दिसतं, पीक दिसतं, आणि 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचं कर्ज असेल तर त्याचा बोजाही दिसतो. चाकरमानी मुंबईत बसून चुलत्यानं कुणाचं नाव लावलं ते बघतो. यातून भांडणं होतात, पण याच उघडेपणामुळे एकाची जमीन दुसरा गुपचूप विकू शकत नाही. जमिनीची मालकी हा माझा आणि सरकारचा खासगी मामला नाही, तो साऱ्या गावाला ठाऊक असावा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केलेलं आहे. आणि सातबाऱ्यावर माझा मोबाईल नंबर नसतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

स्वतःच्या जमिनीची नोंद एवढी उघडी, आणि सगळ्यांच्या समुद्रातला वाटा मात्र झाकलेला, हे गणित मला सुटत नाही.

तरीही खासगीपणाची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा एका माथेफिरू चाहत्यानं तिच्या दारात खून केला. तिच्या घरचा पत्ता त्याला खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याच्या नोंदींतून मिळाला होता. त्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेनं वाहनचालकांच्या नोंदी झाकणारा कायदा केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतरही आपलं केंद्र सरकार मात्र वाहनांच्या नोंदींचा साठा घाऊक विकण्याचं धोरण राबवत होतं. २०१९ चं ते धोरण गैरवापराच्या भीतीनं २०२० मध्ये मागे घेतलं गेलं.

या दोन उदाहरणांत धोका कुठून आला तेही पाहावं. एकात पत्त्यामुळे, दुसऱ्यात घाऊक साठ्यामुळे. कुणाकडे कुठली गाडी आहे एवढं कळल्यानं कुणाचा जीव गेला नाही. तो कुठे राहतो हे कळल्यानं गेला.

आणि खासगीपणा फक्त परवानाधारकालाच हवा असतो असंही नाही. माहिती मागणाऱ्यालाही हवा असतो. कलम ६(२) प्रमाणे अर्जदारानं कारण सांगायचं नाही आणि संपर्कापुरता तपशील सोडून स्वतःबद्दल काही द्यायचं नाही. पण बंदरात अर्ज कुणी टाकला हे संध्याकाळच्या लिलावापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनीचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. महाराष्ट्राला हे विसरता येणार नाही. तेराव्या मुद्द्याची खरी गरज इथे दिसते. यादी आधीच भिंतीवर असेल तर कुणाला एकट्यानं पुढे होऊन ती मागावी लागत नाही.

माप कुठलं लावायचं

मग हौशी गरवणाऱ्याचं काय? समजा उद्या आपल्याकडेही किनाऱ्यावरच्या हौसेला परवाना आला. ही कल्पना फार लांबची नाही. अमेरिकेनं २०१० पासून समुद्रातल्या हौशी गळवाल्यांची राष्ट्रीय नोंद सुरू केली ती मुख्यतः मोजणीसाठी. हौशी लोक मिळून किती मासा काढतात हे कुणालाच माहीत नसतं, आणि ते कळल्याशिवाय साठ्याचा अंदाज चुकतो. त्यासाठी लोकांना गाठून विचारावं लागतं, म्हणून नाव आणि फोन. अशी नोंद आपल्याकडे झाली तर ती उघडी असावी का?

माझं उत्तर नाही, आणि कारण तेच, समाईक ताट. सुट्टीच्या दिवशी जेटीवर बसून दोन तांबोश्या नेणाऱ्या माणसानं समुद्रातून घेतलेला वाटा इतका लहान आहे की तो कोण, हे गावाला कळून काही साधत नाही. त्यानं सरकारकडून डिझेलचा परतावा घेतलेला नाही, त्याच्यामुळे दुसऱ्याचा परवाना अडलेला नाही. तिथे एकूण आकडा पुरे: जिल्ह्यात किती परवाने दिले, किती फी जमली, ती कशावर खर्च झाली. नाव, पत्ता, फोन खात्यानं जपून ठेवावेत, आणि मोजणीसाठी घेतलेली माहिती पोटगीच्या वसुलीला वापरू नये.

वाटा जसजसा मोठा होतो तसतसा हा हिशोब पालटतो. रापणीच्या होडीला एक माप, ट्रॉलरला दुसरं, आणि मोजक्यांनाच मिळालेल्या पर्ससीनच्या परवान्याला सगळ्यात कडक. जिथे संख्येवर मर्यादा आहे, जिथे एकाला मिळालं म्हणजे दुसऱ्याला मिळालं नाही, तिथे कुणाला मिळालं हे सांगणं भागच आहे. रेशनची यादी आणि म्हाडाच्या सोडतीचा निकाल आपण नावानिशी लावतो तो याच कारणानं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं बारा मैलांपलीकडच्या मासेमारीसाठी नवे नियम केले. त्यात यांत्रिकी आणि मोठ्या नौकांना प्रवेश-पास घ्यावा लागेल, पारंपरिक आणि छोट्या नौकांना नाही. वाटा बघून माप लावायचं हे सरकारलाही मान्य आहे. तेच माप नोंदी उघड्या करताना लावायला हवं.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तेरावा मुद्दा अजून आहे, कलम १० ची काळी शाई आहे, कलम ८(२) आहे. प्रत्येक परवाना कार्यालयानं वर्षातून एकदा, नव्या हंगामाआधी, पावसाळी बंदीच्या जून-जुलैत एक यादी लावावी: नौकेचा क्रमांक, मालकाचं नाव, बंदर, जाळ्याचा प्रकार, परवान्याची मुदत, झालेला दंड. सहा रकाने. पत्ता नाही, फोन नाही, आधार नाही, आणि ट्रान्सपाँडरची वाट तर नाहीच. एवढ्यानं एकशे ब्याऐंशीजणांची इभ्रत वाढेल, आणि एकशे त्र्याऐंशीवा असलाच तर त्याला रात्री झोप लागणार नाही.

भाच्याला घेऊन परत निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मिरकरवाड्याच्या बाजूनं एक मोठी नौका बाहेर पडत होती. तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात, जेटीवरून चष्म्याशिवाय वाचता यावा एवढा मोठा क्रमांक होता: आधी आयएनडी, मग एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, मग एमएम आणि पुढे नौकेचा नंबर. भाच्यानं तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "ही कुणाची?"

काकांनी गरीला नवी कोळंबी लावली. "नंबर वाचूक रंगवलाय," ते म्हणाले, "वही कपाटात हा."